जहाज थांबत नाही : उश्वायाच्या बंदरातले दोन दिवस

सकाळी सहाची एस.टी. असेल तर आपण पावणेसहाला स्थानकावर पोहोचतो. आगगाडीसाठी अर्धा तास आधी निघतो, परदेशी विमानासाठी तीन तास. मग अंटार्क्टिकाला निघालेल्या जहाजाचे आयोजक आपल्या प्रवाशांना ‘निदान एक आणि जमल्यास दोन दिवस आधी बंदरात येऊन राहा’ असे का बजावतात?

हा प्रश्न वर्गात विचारला तर पहिले उत्तर बहुधा ‘विमान चुकले तर?’ असे येईल. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. या दोन दिवसांच्या हिशोबात भूगोल आहे, संभाव्यतेचे गणित आहे, शरीरातले घड्याळ आहे आणि पायमोज्याला चिकटलेले कुसळही आहे. आपण हा हिशोब एकेक करून मांडू या.

पृथ्वीगोलावर एक दोरा

शाळेतला पृथ्वीगोल घ्यावा. दक्षिण अमेरिकेच्या शेपटापासून अंटार्क्टिकाच्या वर आलेल्या बोटासारख्या द्वीपकल्पापर्यंत दोरा ताणावा. मग तेवढाच दोरा केपटाउनपासून आणि टास्मानियातील होबार्टपासून खाली धरून पाहावा. तो कोठेही पोहोचत नाही. केपटाउनपासून अंटार्क्टिकाचा किनारा चार हजार किलोमीटरांच्या आसपास, होबार्टपासून अडीच हजारांहून जास्त. आणि अर्जेंटिनातील उश्वायापासून अंटार्क्टिक द्वीपकल्प मात्र अवघे हजारेक किलोमीटर. जहाजातून अंटार्क्टिका पाहायला जाणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक उश्वायातून निघतात, याचे कारण या दोऱ्यात आहे. २०२३-२४ च्या हंगामात अंटार्क्टिकाला गेलेल्या पर्यटकांची संख्या एक लाखाहून अधिक होती.

उश्वाया हे तिएरा देल फ्युगो या प्रांताच्या राजधानीचे गाव. स्थान ५४ अंश ४८ मिनिटे दक्षिण, ६८ अंश १८ मिनिटे पश्चिम. पुढे बीगल सामुद्रधुनीचे अरुंद पाणी, मागे बर्फाच्या टोप्या घातलेले डोंगर. सामुद्रधुनीतून बाहेर पडले की ड्रेकचा समुद्र लागतो. त्याची रुंदी सुमारे ८०० किलोमीटर, म्हणजे साधारण मुंबई-नागपूर लोहमार्गाएवढी. आता पृथ्वीगोलावर ६० अंश दक्षिण अक्षवृत्तावरून बोट फिरवावे. पूर्ण फेरी झाली तरी बोट एकदाही जमिनीला लागत नाही. पश्चिमेकडून वाहणाऱ्या वाऱ्याला तेथे अडवणारे काहीच नसते आणि पाण्यालाही नसते. अंटार्क्टिकाभोवती फिरणारा सागरी प्रवाह ड्रेकच्या अरुंद वाटेतून सेकंदाला १३ कोटी घनमीटरांहून अधिक पाणी नेतो. जगातल्या सगळ्या नद्या एकत्र केल्या तरी हा आकडा त्यांच्या शंभरपटीपेक्षा मोठाच ठरतो.

जहाजाचा वेग १२ नॉट धरू. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, तेव्हा वेग ताशी सुमारे २२ किलोमीटर आणि हजार किलोमीटरांना ४५ तास. जायला दोन दिवस, यायला दोन दिवस. दहा दिवसांच्या सफरीतले चार असे गेले. चढण्या-उतरण्याचे दिवस वजा केले की बर्फाच्या किनाऱ्यासाठी चार-पाच दिवस उरतात. एका माणसाचे विमान उशिरा आले म्हणून जहाज एक दिवस थांबले, तर बाकी सर्वांचा त्यातला एक दिवस बुडतो.

पण जहाज न थांबण्याचे कारण एवढेच नाही. द्वीपकल्पावर उतरण्याजोगी ठिकाणे मोजकी आहेत. एका वेळी एका ठिकाणी एकच जहाज आणि किनाऱ्यावर एका वेळी जास्तीत जास्त शंभर प्रवासी, असा शिरस्ता १९९१ मध्ये स्थापन झालेल्या पर्यटन-संचालकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने घालून दिला आहे. पाचशेहून अधिक प्रवासी नेणारी जहाजे तर कोणाला उतरवतच नाहीत. कोणत्या जहाजाने कोणत्या दिवशी कोठे जायचे याचे वेळापत्रक हंगामापूर्वीच ठरलेले असते. आपला दिवस चुकवणारे जहाज दुसऱ्याच्या दिवसात घुसते.

शिवाय बंदरातला जहाजाचा स्वतःचा मुक्काम एका दिवसाचाही नसतो. सकाळी आधीचे प्रवासी उतरतात, साठवून आणलेला कचरा उतरवला जातो, इंधन आणि भाजीपाला चढतो, खोल्या साफ होतात आणि दुपारी नवे प्रवासी चढू लागतात. (इंधन हलके डिझेलच्या जातीचे लागते. ६० अंशांच्या दक्षिणेला जड इंधन तेल नेण्यास ऑगस्ट २०११ पासून बंदी आहे, कारण ते थंड पाण्यात सांडले तर लवकर विरत नाही.) संध्याकाळी दोर सुटतात. त्यानंतर मागून येऊन गाठता येईल असे पुढचे स्थानक नाही. ही गोष्ट एस.टी.च्या प्रवासाहून मुळातच वेगळी आहे.

साखळीची कडी

मुंबईहून उश्वायाला थेट विमान नाही. वाटेत कोठेतरी एकदा बदलून ब्युनॉस आयर्स गाठायचे. तेथेही एक गोम आहे. परदेशी विमाने बहुतेक एसेइसा विमानतळावर उतरतात, तर देशांतर्गत विमाने बरीचशी नदीकाठच्या ‘एरोपार्क’मधून सुटतात; मध्ये अख्खे शहर. सामान घेऊन शहर ओलांडायचे आणि मग साडेतीन तासांचे विमान पकडायचे.

समजा, प्रत्येक विमान वेळेवर पोहोचण्याची शक्यता दहात नऊ आहे. ही संख्या केवळ उदाहरणासाठी आहे. ऐकायला ती चांगली वाटते. पण तीनही विमाने वेळेवर येण्याची शक्यता ०.९ × ०.९ × ०.९ = ०.७२९. म्हणजे शंभरात सत्तावीस वेळा कोठेतरी कडी तुटणार. आता एक दिवसाची सवड ठेवली, आणि एकेका विमानाला दिवसभराहून अधिक उशीर होण्याची शक्यता शंभरात एक धरली, तर ०.९९ चा तिसरा घात ०.९७ येतो. धोका सत्तावीसवरून तीनवर आला. दुसऱ्या दिवसाच्या सवडीने तो आणखी घटेल, पण आता घटण्याजोगे फारसे उरलेलेच नाही; म्हणूनच आयोजक एक-दोन दिवस म्हणतात, आठवडा म्हणत नाहीत. विद्यार्थ्यांना पुढचा प्रश्न जरूर विचारावा : हा गुणाकार केव्हा चुकेल? एकाच वादळामुळे दोन विमाने रखडली तर घटना एकमेकांपासून स्वतंत्र राहत नाहीत. पहिल्याच्या उशिरामुळे दुसरे चुकले तरीही नाहीत. पाठ्यपुस्तकातल्या नाण्यांना ही अडचण कधी येत नाही, म्हणून हे उदाहरण आम्हाला नाण्यांपेक्षा बरे वाटते.

माणूस पोहोचला आणि सामान मागे राहिले, ही शक्यता वेगळीच. एका दिवसाच्या सवडीत हरवलेली पेटी पुढच्या विमानाने येऊ शकते. जहाजावर ती येऊ शकत नाही.

‘बेल्जिका’चा उन्हाळा

याच पाण्यात रेंगाळल्याची किंमत एका मोहिमेने मोजली आहे. आद्रियाँ द गेर्लाश यांच्या नेतृत्वाखालची बेल्जियमची मोहीम ऑगस्ट १८९७ मध्ये अँटवर्पहून निघाली. डिसेंबरात ‘बेल्जिका’ तिएरा देल फ्युगोला आली आणि तेथील खाड्यांत तिचे कितीतरी दिवस गेले. १८९८ च्या पहिल्याच दिवशी ती बीगल सामुद्रधुनीत खडकावर अडकली. हलकी होण्यासाठी गोडे पाणी ओतून द्यावे लागले आणि ते पुन्हा भरण्यात आणखी काळ गेला. दक्षिणेकडे जहाज निघाले ते जानेवारीच्या मध्यावर, म्हणजे तिकडचा उन्हाळा उतरणीला लागताना. मार्चच्या सुरुवातीला ‘बेल्जिका’ गोठत्या समुद्रात रुतली ती मार्च १८९९ पर्यंत सुटली नाही.

उशीर हे एकच कारण नव्हते. ऋतू संपत आलेला दिसत असूनही गेर्लाश दक्षिणेकडे रेटत राहिले, हेही खरे. पण जानेवारीचे ते दिवस हाताशी असते तर निर्णय वेगळा होऊ शकला असता. सुमारे ७० दिवस सूर्य उगवला नाही. माणसांना स्कर्व्ही झाला. जीवनसत्त्व ही कल्पना तेव्हा माहीत नव्हती. तरी जहाजावरील डॉक्टर फ्रेडरिक कुक यांनी सील आणि पेंग्विनचे ताजे मांस खाण्याचा आग्रह धरला आणि लोक सावरले. जहाजावर एक तरुण नॉर्वेजियन खलाशी अधिकारी होता, रोआल्ड आमुंडसेन. पुढे १९११ मध्ये तो दक्षिण ध्रुवावर प्रथम पोहोचला. त्या यशामागच्या काटेकोर तयारीत ‘बेल्जिका’वरच्या हिवाळ्याचा वाटा मोठा होता, असे आम्हाला वाटते.

दुपारी सूर्य उत्तरेला

उश्वायात उतरलेल्या भारतीय माणसाच्या शरीरात अजून भारतीय वेळ चालू असते. तेथील घड्याळ आपल्या साडेआठ तास मागे. आपल्याकडे दुपारचे बारा, तेव्हा तेथे पहाटेचे साडेतीन. तेथे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा शरीर म्हणते, पहाटेचे साडेचार झाले, अजून जागा कसा? मग पाहुणा जेवणाच्या ताटावरच पेंगतो आणि रात्री दोनला टक्क जागा होतो.

शरीरातल्या घड्याळाचे चक्र बहुतेकांत २४ तासांहून किंचित लांब असते. त्यामुळे दिवस लांबवणे त्याला सोपे जाते, आखडणे अवघड. पश्चिमेकडच्या प्रवासात दिवस लांबतो, तेव्हा ही दिशा त्यातल्या त्यात सोयीची. तरीही घड्याळ दिवसाला तास-दीड तासच सरकते. साडेआठ तासांना सहा-सात दिवस हवेत. दोन दिवसांत काम पुरे होत नाही; पण अर्धवट झोपेने ड्रेकच्या लाटांना सामोरे जाणे आणि दोन रात्री आडवे होऊन जाणे यांत फरक पडतो. दुपारच्या उजेडात बाहेर हिंडावे आणि रात्री खोलीत अंधार करावा, हा साधा उपाय.

खोलीत अंधार करणे हेच मात्र तेथे कठीण. २१ डिसेंबरच्या सुमारास उश्वायात सूर्य पहाटे पाचच्या आधी उगवतो आणि रात्री दहानंतर मावळतो. दिवस सव्वासतरा तासांहून मोठा. मुंबईचा सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. मध्यरात्रीही सूर्य क्षितिजाखाली बारा अंशांपेक्षा खोल जात नाही, म्हणून आकाश पुरते काळे होतच नाही. हॉटेलच्या जाड पडद्यांची किंमत तेव्हा कळते.

सोबत होकायंत्र असेल तर दुपारी एक गंमत पाहावी. सूर्य उत्तरेला असतो आणि त्याच्याकडे तोंड करून उभे राहिल्यास तो उजवीकडून डावीकडे सरकतो. माध्यान्ह बाराला होत नाही, दीडच्या सुमारास होते. कारण रेखांशाप्रमाणे उश्वायाची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या सुमारे साडेचार तास मागे आहे, पण घड्याळ तीनच तास मागे ठेवले आहे. रेखांशाला १५ ने भागून हे विद्यार्थ्यांनाही काढता येईल. २१ डिसेंबरला माध्यान्हीच्या सूर्याची उंची किती? ९० मधून ५४.८ आणि २३.४ यांचा फरक वजा करायचा : ५८.६ अंश. २१ जूनला त्यांची बेरीज वजा करायची : जेमतेम १२ अंश. गावाच्या दक्षिणेला एखादा डोंगर असता तर त्याची सावली गावावर पडली असती का, हा प्रश्न आपल्याकडच्या मुलांना चांगलाच गोंधळात टाकतो.

कपडे, आणि कपड्यांतले बी

बंदरातल्या दिवसाचा एक हिस्सा खरेदीत जातो. उश्वायात जलरोधक विजारी, हातमोजे, जाड कोट भाड्यानेही मिळतात. आपल्याकडून गेलेल्या माणसाची नेहमीची चूक म्हणजे सुती कपड्यांचे थर. सुती कापड घाम आणि लाटांचे तुषार धरून ठेवते. कापडाची ऊब खरे तर त्यात अडकलेल्या हवेची असते. त्या हवेची जागा पाण्याने घेतली की सारे बिघडते, कारण पाणी हवेच्या सुमारे चोवीस पट उष्णता वाहून नेते. तीन सारख्या बाटल्यांत सारखेच गरम पाणी भरावे. एकीला कोरडे सुती फडके, दुसरीला ओले सुती, तिसरीला ओले लोकरी फडके गुंडाळावे आणि दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवावे. आलेख मुलांना काढू द्यावा.

(या सामुद्रधुनीचे मूळ रहिवासी यागान लोक अंगाला प्राण्यांची चरबी चोळून, जवळजवळ उघड्याने, होडीतच शेकोटी पेटती ठेवून वावरत. ओल्या कपड्यापेक्षा चरबी बरी, हे त्यांना ठाऊक होते. नंतर आलेल्यांनी त्यांना कपडे दिले आणि रोगही दिले. त्यांची भाषा मातृभाषा म्हणून बोलणाऱ्या शेवटच्या व्यक्ती, क्रिस्तिना काल्देरोन, २०२२ मध्ये चिलीत वारल्या.)

कपडे जमले की ते साफ करायचे. ही सूचना वाचून नवखा प्रवासी चकित होतो, कारण साफ करायचे ते खिशाचे कोपरे, विजारीचे मुडपलेले काठ, चिकटपट्ट्या, बुटांच्या तळव्यांतल्या खाचा आणि कॅमेऱ्याची पिशवी. शोधायचे असते बी. २००७-०८ च्या हंगामात शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकाला जाणाऱ्यांचे कपडे आणि सामान निर्वात झाडूने साफ करून त्यातल्या बिया मोजल्या. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार, ज्यांच्याजवळ बिया सापडल्या त्यांच्याकडे सरासरी माणशी साडेनऊ होत्या आणि हंगामभरात सुमारे सत्तर हजार बिया तेथे गेल्या असाव्यात. पर्यटकांपेक्षा शास्त्रज्ञांकडे जास्त बिया निघाल्या, हे शिक्षकांनी मुद्दाम सांगावे.

अंटार्क्टिकात फुले येणाऱ्या देशी वनस्पती दोनच : एक गवत आणि एक उशीसारखी वाढणारी छोटी वनस्पती. त्यांच्या वाट्याला जी थोडी उघडी जमीन आहे तीत आपल्या अंगणातल्यासारखे चिवट गवत शिरले तर काय होईल? किंग जॉर्ज बेटावर एका जातीचे युरोपीय गवत शिरलेही आहे. अंटार्क्टिक कराराच्या पर्यावरण-मसुद्यानुसार बाहेरचे जीव तेथे नेण्यास बंदी आहे. स्लेज ओढणारी कुत्रीसुद्धा एप्रिल १९९४ पर्यंत परत आणावी लागली. त्यात आता पक्ष्यांच्या इन्फ्लुएन्झाची भर पडली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो साउथ जॉर्जियाजवळच्या बेटावर आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर आढळला. किनाऱ्यावर बसू नये, पिशवी टेकवू नये, हा नियम त्यामुळे कडक झाला.

हे सारे अतिरेकी वाटणाऱ्याने उश्वायाजवळच्या राष्ट्रीय उद्यानात अर्धा दिवस घालवावा. १९४६ मध्ये फरचा धंदा उभा करण्याच्या हेतूने सरकारने कॅनडातून बीव्हरच्या मोजक्या जोड्या आणून येथे सोडल्या. बीव्हर दातांनी झाडे पाडतो आणि ओढ्यावर धरण बांधतो. त्याच्या मूळ देशातली कित्येक झाडे बुंध्यातून पुन्हा फुटतात. येथली लेंगा नावाची झाडे तशी फुटत नाहीत. शिकारी प्राणी नाहीत, थंडी सोयीची. आज त्यांच्या संख्येचे अंदाज लाखाच्या घरात आहेत आणि धरणांच्या पाण्यात उभी मेलेली करडी झाडे पाहुण्यांना दाखवली जातात. आपल्याला इतके दूर जायला नको. १९५०च्या दशकात पुण्यात प्रथम नजरेस आलेले गाजरगवत परदेशी धान्याबरोबर आले असे मानतात. ते आता कोणत्या गावात नाही?

पावसाळा संपल्यावर मुलांना जुने लोकरी पायमोजे बुटांवर चढवून माळावरून दहा मिनिटे चालवावे. परत आल्यावर चिमट्याने कुसळे, गोखरू, आघाड्याच्या बिया वेगळ्या करून मोजाव्यात. मग तेच मोजे ओल्या मातीच्या ताटात ठेवून काय उगवते ते पाहावे.

उरलेला वेळ

जे आधी येतात त्यांना पाहायला गाव छोटे पण भरगच्च आहे. १९०२ पासून कैद्यांकडून बांधून घेतलेला तुरुंग १९४७ मध्ये बंद झाला. आता तेथे संग्रहालय आहे. कैद्यांना लाकूडतोडीसाठी नेणारी छोटी आगगाडी पर्यटकांसाठी पुन्हा धावते. वाटेत तोडलेल्या झाडांचे बुंधे दिसतात, काही गुडघ्याएवढे, काही कमरेएवढे. उंच बुंधे हिवाळ्यात बर्फाच्या थरावर उभे राहून तोडलेले, असे तेथे सांगतात. डोंगरावर मार्शल हिमनदीपर्यंत चढून जाता येते. मात्र जहाजाच्या आदल्या दिवशी घोटा मुरगळून घेण्यात शहाणपण नाही. दातदुखी, औषधांचा साठा, मळमळीची गोळी याची चौकशी याच दिवशी करावी. मळमळ सुरू झाल्यावर पोट रिकामे होणे मंदावते आणि गोळी पोटातच पडून राहते. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने ती जहाज मोकळ्या समुद्रात शिरण्यापूर्वी घ्यायची असते.

आपल्या देशाच्या पहिल्या अंटार्क्टिक मोहिमेचे बंदर गोव्यातले मुरगाव होते. डॉ. एस. झेड. कासीम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांचे पथक ६ डिसेंबर १९८१ रोजी तेथून निघाले आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर पोहोचले. डिसेंबरातल्या गोव्याच्या उन्हात लोकरीचे कपडे आणि यंत्रसामग्री मोजून भरावी लागली असेल. विसरलेली वस्तू चौतीस दिवसांच्या वाटेवर मिळणार नव्हती. पुढे भारतीय मोहिमांनी केपटाउनचा मार्ग धरला. त्यांचे नियोजन करणारी संस्था गोव्यातच, वास्को येथे आहे.

परतीच्या तिकिटालाही हाच हिशोब लावावा. जहाज ठरलेल्या सकाळी उश्वायाला लागते. पण ड्रेकमध्ये कमी दाबाचा पट्टा समोरून आला तर कप्तान वेग कमी करतो किंवा वळसा घेतो. ४५ तासांचे ५० झाले की सकाळी आठची वेळ दुपारी एकवर जाते. त्या दिवशी दुपारचे विमान ठरवलेले प्रवासी डेकवर घड्याळ पाहत उभे राहतात. दुसऱ्या दिवशीचे ठरवलेले आत न्याहारी करीत असतात.